हवेचा तंबू आणि वाचलेला तास

रोजच्या सुखसोयींपासून चार दिवस दूर जावे, मुलाबाळांसह उघड्या आकाशाखाली राहावे, अशी इच्छा मनात धरून जो गृहस्थ तंबू विकत घ्यावयास निघतो, त्याच्यापुढे दुकानातच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. एका बाजूला दांड्यांचा तंबू असतो. त्याच्या दांड्या जोडाव्या, कापडाच्या पट्ट्यांतून ओवाव्या, वाकवाव्या आणि ताणाव्या लागतात. नवख्याचा त्यात सहज तासभर जातो. दुसऱ्या बाजूला हवेचा तंबू असतो. त्यात दांडी नाहीच. जमिनीवर पसरावा, पंप लावावा आणि हवा भरावी. दहा-पंधरा मिनिटांत पाचसहा माणसांचे घर उभे राहते. तो महाग असतो आणि वजनालाही जड, बहुधा पंधरा-वीस किलोंच्या पुढेच. पण त्याच्याइतके सोपे काही नाही. आता सोयी सोडण्यासाठी निघालेल्या माणसाने सोयीचा तंबू घ्यावा काय? की हा स्वतःचीच फसवणूक करण्याचा प्रकार आहे?

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. कपडे धुण्याचे यंत्र, मिक्सर, तयार पिठाची पिशवी यांपैकी प्रत्येक वस्तू घरात येताना हाच प्रश्न घेऊन आली होती. तिथे आपण त्याचा विचार केला नाही. तंबूच्या निमित्ताने तो स्वच्छ दिसतो, एवढेच.

तंबूत हौसेने राहणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. मेंढपाळ, सैनिक, व्यापाऱ्यांचे तांडे हे सारे गरजेपोटी तंबूत राहिले. तंबूकडे विरंगुळा म्हणून पाहण्यास शिकविणाऱ्यांत थॉमस हायराम होल्डिंग या इंग्रज शिंप्याचे नाव अग्रभागी घेतले जाते. लहानपणी १८५३ साली त्याने आईवडिलांबरोबर गाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची माळराने पार केली होती. पुढे सायकलवर बांधून नेता येईल असा हलका तंबू त्याने तयार केला. १९०१ मध्ये सायकलवरून हिंडणाऱ्या तंबूकरांची संघटना उभी राहिली आणि १९०८ मध्ये त्याने या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हौशी तंबूचा हा आद्य पुरस्कर्ताच तंबू हलका करण्याच्या मागे लागला होता. कष्ट कमी करणे हे तंबूच्या विरोधात आहे, असे त्याला मुळीच वाटले नाही.

हवेवर उभ्या राहणाऱ्या निवाऱ्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या मोटारींच्या अभियंत्याने १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, रणभूमीवरील इस्पितळासाठी हवेच्या दाबावर तोलून धरलेल्या तंबूचे एकस्व मागितले. ते इस्पितळ प्रत्यक्षात उभे राहिले नाही. पुढे १९७० साली ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात हवा भरलेल्या सोळा प्रचंड कमानी एकमेकींना बिलगून उभ्या करून एक संपूर्ण मंडप बांधण्यात आला. आजचा कौटुंबिक तंबू त्याच तत्त्वावर उभा असतो. कापडी खोळीत, सायकलच्या ट्यूबप्रमाणे, एक लवचीक नळी असते. तिच्यात दर चौरस इंचाला सुमारे ७ पौंड दाबाची हवा भरली की तिची ताठ कमान होते. मोटारीच्या चाकात याच्या चौपट दाब असतो. एवढ्याशा दाबावर घर तोलले जाते, याचे पहिल्यांदा पाहणाऱ्यास नवल वाटल्यावाचून राहत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कष्टांत शिक्षण असते, दांड्या जुळविताना मुले धीर शिकतात, आयत्या तंबूने ते शिक्षण हिरावून घेतले, असे काहीजण म्हणतील. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. कष्ट हे आपोआप सद्गुण ठरत नाहीत. ज्या आईला दोन लहान मुलांना एकटीने सांभाळायचे आहे, ज्या आजोबांना गुडघे टेकून दांड्या ओवता येत नाहीत, त्यांच्यासाठी सोपा तंबू म्हणजे बंद असलेले एक दार उघडणे होय. विहिरीचे पाणी शेंदून ज्यांचे खांदे भरून आले, त्यांनी नळाला कधी नावे ठेवली नाहीत. कष्टांचे गुणगान बहुधा तेच करतात, ज्यांच्या वाट्याला ते फारसे आलेले नसतात.

मग सोयीत काहीच धोका नाही काय? आहे, आणि तो आळसाहून वेगळा आहे. दांड्यांचा तंबू उभारताना चार हात लागतात. एकाने दांडी वाकवायची, दुसऱ्याने टोक धरायचे, लहानग्याने खुंट्या मोजून द्यायच्या. हवेच्या तंबूला पंप एकच आणि तो चालविणारा माणूसही एकच. बाकीचे बघत उभे राहतात. कष्ट कमी झाले, त्याबरोबर प्रत्येकाचा वाटाही कमी झाला. आपल्या गावांतून हे घडून गेलेले आहे. पूर्वी लग्नाचा मांडव आळीतली माणसे मिळून घालीत. कोणी बांबू आणी, कोणी दोरखंड, कोणी नुसताच चहा घेऊन सल्ला देई. आता ठेकेदाराची माणसे येतात आणि दोन तासांत काम आटोपून जातात. मांडव पूर्वीपेक्षा देखणा असतो, यजमानाचा त्रास वाचतो आणि त्यात वावगे काही नाही. परंतु तो वाचलेला वेळ आळीला परत मिळाला काय? शेजारी एकमेकांकडे अधिक बसू लागले काय? याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

सोय वापरली की नाही, यापेक्षा सोयीने वाचविलेला तास कोणाच्या पदरात पडला, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो तास आपल्या मालकीचा आहे, असे आपण धरून चालतो. खरे तर तो एक प्रकारचे देणे असते.

हे देणे प्रथम आपल्याच माणसांचे असते, आणि ते फेडण्याची संधी तंबू स्वतःच देतो; कारण हवा सगळे काही करीत नाही. ती आकार देते, स्थैर्य देत नाही. जागा माणसालाच निवडावी लागते: सपाट, किंचित उंच, वाळक्या फांदीखाली नसलेली, ओढ्याच्या पात्रापासून दूर. काटे आणि खडे हाताने वेचावे लागतात. खुंट्या ठोकाव्या लागतात, तणावे ताणावे लागतात. कारण खुंटीविना फुगविलेला तंबू वाऱ्यापुढे पतंगासारखा असतो. म्हणून आधी कोपऱ्यांच्या खुंट्या, मग हवा, हाच क्रम योग्य. ही सारी कामे लहान हातांना जमण्याजोगी आहेत. ती त्यांना द्यावीत, वेळ अधिक लागला तरी द्यावीत. पहिली तालीम घराच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानावर करावी. परक्या जागी, मावळत्या उजेडात आणि भुकेल्या मुलांच्या देखत कोणतीही नवी विद्या येत नाही.

तंबू उभा राहिल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. सकाळी २० अंश तापमानात ७ पौंडांपर्यंत भरलेली हवा दुपारी ४० अंशांपर्यंत तापली, तर दाब साडेआठ पौंडांच्या आसपास जाऊ शकतो. तेव्हा थोडी हवा सोडावी लागते, आणि रात्रीच्या गारव्यात कमान सैलावली तर पुन्हा भरावी लागते. पहाटे छताला आतून थेंब लोंबताना दिसतात आणि नवखा समजतो की तंबू गळतो. ते पाणी बहुधा झोपलेल्या माणसांच्या श्वासाचेच असते. थंडीच्या भीतीने सर्व झरोके बंद केले, की घर आतूनच ओले होते. झरोके उघडे ठेवणे हाच त्यावर उपाय. कितीही थंडी असली तरी कोळशाची शेगडी आत घेऊ नये. तिच्या धुराहूनही न दिसणारा वायू घातक असतो आणि त्याने निजलेली माणसे उठत नाहीत. परतल्यावर तंबू उन्हात पूर्ण वाळवूनच घडी करावा, नाहीतर त्याला बुरशी धरते. इतके सगळे उरतेच. सोयीने कष्ट संपत नाहीत; ते उभारणीकडून देखभालीकडे सरकतात. देखभालीचे काम शांत असते, त्याला टाळ्या मिळत नाहीत. घरोघरी ते बहुधा एकाच व्यक्तीच्या माथी येते, आणि ती कोण हे वाचकांस सांगावयास नको. वाचलेल्या तासातील पहिला वाटा तिचा आहे.

दुसरा वाटा शेजारच्या तंबूचा. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचा तळ टाकला. त्यात धनिकांच्या शाळांतली मुले होती, तशीच कामकरी कुटुंबांतलीही होती. त्यांना मुद्दाम एकमेकांत मिसळून ठेवण्यात आले. तंबूच्या कापडी भिंतीतून शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो, हीच त्याची थोरवी. ज्याचा तंबू पंधरा मिनिटांत उभा राहिला, त्याने अजून दांड्यांशी झुंजणाऱ्या शेजाऱ्याच्या तंबूचे टोक धरावे. एवढे केले तरी पंपाची किंमत वसूल झाली.

तिसरा वाटा मात्र अवघड आहे. तंबूत हौसेने राहणारे आहेत, तसेच नाइलाजाने राहणारेही आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा एका पहाटेत हजारो कुटुंबांचे घर म्हणजे ताडपत्री आणि पत्रा एवढेच उरले. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार बिऱ्हाड गाडीत घालून निघतात आणि पुढचे पाचसहा महिने कोपीत काढतात. त्यांच्या मुलांना रानात झोपण्याचे अप्रूप नसते. निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था पाच माणसांच्या कुटुंबाला जो तंबू देते, त्याची राहण्याची जागा १६ चौरस मीटर असते. हौशी कुटुंबाच्या तंबूचे क्षेत्रफळही पुष्कळदा त्याच्या आसपास भरते. जागा तीच, माणसे तितकीच. अंतर एवढेच की, एका कुटुंबाला रविवारी संध्याकाळी घरी परतता येते.

म्हणून कोणी सहलीला जाऊ नये असे नव्हे. अपराधी चेहऱ्याने सुटी घालविल्याने कोणाच्याही कोपीवरचे छप्पर घट्ट होत नाही. पण दोन रात्री तंबूत काढून आपण गरिबी अनुभवली, असेही समजू नये. परतीचा रस्ता खुला असलेली उणीव आणि तो बंद असलेली उणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दोन रात्रींतून एवढेच शिकता येते की, पाऊस कापडावर कसा वाजतो, ओल्या जमिनीवर पाठ कशी आखडते, आणि रात्री लहान मुलाला बाहेर न्यायचे म्हणजे काय. हे शरीराने जाणल्यावर कारखान्याच्या वाटेवर दिसणाऱ्या कोप्यांकडे पाहण्याची नजर बदलली, तर ती सहल सत्कारणी लागली. मग त्या मुलांच्या शाळेसाठी, हिवाळ्यातल्या पांघरुणासाठी आपल्याला काय करता येईल, हा प्रश्न सहजच मनात येईल.

तंबूत राहणाऱ्यांपैकी सर्वांत थोर गृहस्थ अब्राहाम. भर उन्हाच्या वेळी तो तंबूच्या दाराशी निवांत बसला होता. त्याच्यापाशी गुरेढोरे होती, नोकरचाकर होते, म्हणजे त्याच्या जीवनात सोय होती. समोर तीन अनोळखी वाटसरू दिसताच तो म्हातारा माणूस उठून धावत सुटला, पाय धुण्यास पाणी आणविले, सारेला भाकरी करावयास सांगितले, वासरू स्वतः निवडले आणि पाहुणे जेवत असताना झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहिला. त्याच्या निवांतपणाला पवित्र शास्त्राने कोठेही दोष दिलेला नाही. त्या निवांतपणामुळेच त्याला दूरवरून येणारी माणसे दिसली.

हवेचा तंबू जरूर घ्यावा. तो उभा राहिला, खुंट्या पक्क्या झाल्या, की दाराची साखळी उघडी ठेवून थोडा वेळ बाहेर बसावे आणि वाटेकडे पाहावे.