तान्ह्याला घडणारा उपास

आठ-दहा महिन्यांचे बाळ. अजून अंगावरच पिते. गाल भरलेले, वजन बरे, म्हणून येणारेजाणारे गुटगुटीत म्हणून कौतुक करतात. पण कातडी फिकट आहे, केस विरळ होऊन भुरकट झालेत आणि बोटांच्या पेरांवर काळपटपणा चढला आहे. चार महिन्यांपूर्वी आईला पाहून खुदकन हसणारे हे बाळ आता हसत नाही. बसू लागले होते, ते आता मान टाकते. मग एखाद्या तापाचे निमित्त होते आणि हातपाय, डोके, जीभ थरथरू लागते. घरात मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली जाते, दंडावर ताईत बांधला जातो. डॉक्टरकडे न्यायला आणखी महिना उलटलेला असतो.

हा आजार आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ १९५०च्या दशकापासून ओळखतात. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा बाळांची हकीकत छापली आणि कारण पुढे आणले. आया शाकाहारी, त्यांच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा, म्हणून दुधातही तुटवडा, आणि त्या दुधाखेरीज बाळाच्या पोटात दुसरे काही जात नव्हते. बी-१२ दिले की असे बाळ बहुधा काही दिवसांत पुन्हा नजरेला नजर देते, हसते. त्या महिन्यांत मेंदूची जी वाढ राहून गेली ती मात्र प्रत्येकाची भरून निघतेच असे नाही.

शाकाहाराला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. शाकाहारावर मूल उत्तम वाढते आणि दूध-दही वर्ज्य केलेल्या घरातही, पुरेशी काळजी घेतली तर, वाढवता येते. माझे म्हणणे एवढेच की आहाराचे व्रत घेणाऱ्याने ते स्वतःच्या जिवावर पेलावे. जो जीव बोलू शकत नाही, निवडू शकत नाही, त्याच्यावर आपण ते लादणार असू, तर त्यातून काय वजा होते आणि ते कुठून भरून काढायचे, याचा हिशेब देण्याचे कर्तव्य आपल्यावर येते. हा हिशेब आपण देत नाही. श्रद्धा आहे म्हटले की तो माफ झाला असे आपण धरून चालतो.

मुंबईतला शीव कोळीवाडा ही जागा या प्रश्नासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखी आहे. मासळीवर जगलेली कोळ्यांची जुनी वस्ती, फाळणीनंतर येऊन राहिलेली पंजाबी निर्वासितांची घरे, आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर माटुंग्यातली तमिळ, गुजराती, कच्छी शाकाहारी कुटुंबे. एकाच्या दारात जवळा वाळतो, दुसऱ्याच्या सोसायटीत मासळीचा वास आला तर तक्रार जाते. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना आपापला आहार योग्य वाटतो. दोन्हीकडच्या तान्ह्यांच्या रक्तात काय आहे, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही.

आधी हे जीवनसत्त्व नीट समजून घेऊ. बी-१२ झाडही बनवत नाही, प्राणीही बनवत नाही. ते जिवाणू बनवतात. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि तिथून ते दुधामांसात उतरते. म्हणून ते मासे, मांस, अंडी, दूध, दही यांत सापडते; डाळ, भात, पोळी, पालेभाजी, शेंगदाणे, फळे यांत सापडत नाही. ते वेगळे काढता आले १९४८ साली. आपल्या आहाराचे नियम ज्या कोणी घालून दिले त्यांना त्याची कल्पना असणे शक्यच नव्हते, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ती सबब आपल्याला मात्र उरलेली नाही.

यावर सरळ उत्तर येते : आमच्याकडे दूध भरपूर असते, आम्हाला कसली भीती? दूध घरात येते हे खरे. ते कोणाच्या पेल्यात जाते? सकाळी चहाला, मग शाळेत जाणाऱ्या मुलाला, मग सासऱ्यांच्या रात्रीच्या ग्लासात. दही लागते ते पुरुषांच्या डब्याला. सुनेच्या वाट्याला दूध येते ते चहाचा रंग बदलण्यापुरते, आणि गरोदर असो वा बाळंतीण, तिचे सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी चालूच असतात. त्या दिवशी साबुदाणा आणि वऱ्याचे तांदूळ. दोन्हींत बी-१२ शून्य. कागदावर हे घर दूध पिणारे शाकाहारी असते. प्रत्यक्षात त्यातली एक व्यक्ती जवळजवळ वीगन, म्हणजे दूध-दहीसुद्धा न खाणारी, असते, न निवडता, आणि नेमक्या तिच्याच दुधावर एक जीव वाढत असतो.

मासळी खाणाऱ्या घरांनी इथे समाधान मानू नये. बुधवार, शुक्रवार, रविवार सोडले तर त्यांचेही वार पाळायचे असतात. वर श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार. घरातल्या कोणी माळ घातली की बऱ्याचदा सगळ्या चुलीलाच माळ पडते. बाळंतिणीला मासळी वर्ज्य, कारण दूध आणि मासे एकत्र आले की कोड उठते, ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे. तिला कोणताही वैद्यकीय आधार नाही. बाळालाही ‘उष्ण पडेल’ म्हणून अंडे नको, ‘वास येईल’ म्हणून मासा नको. मीठ न लावता वाळवलेला जवळा भाजून, बारीक पूड करून चमचाभर मऊ भातात कालवला तर प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ एकदम मिळते, आणि हे ज्या दारात मिळते त्याच दारात डब्यातले महागडे पीठ प्रतिष्ठेचे ठरते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. मांसाहार निषिद्ध न मानणाऱ्या, पण ज्यांच्या ताटात तो क्वचितच पडतो, अशा शेतकरी घरांतल्या बऱ्याच बायका त्यात होत्या. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघाले. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा दिसले की ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. म्हणजे पुढच्या मधुमेहाची तयारी आईच्या पोटातच सुरू झाली होती. हे २००८ साली प्रसिद्ध झाले, जगभर चर्चिले गेले. आपल्या डोहाळजेवणाच्या ताटापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

आता बाळाच्या वाटीकडे वळू. सहा महिने फक्त आईचे दूध, मग वरचे अन्न, हा नियम सर्वमान्य आहे. पण आपल्याकडे वरचे अन्न उष्टावणापासून सुरू होते आणि उष्टावण मुहूर्तापासून. मुलाचे सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात. सहाव्यात जमले नाही तर आठव्यावर गेले. बाळाचा लोहाचा जन्मजात साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, तो पंचांग पाहत नाही. मुहूर्त साधल्यावर वाटीत काय येते? वरणाचे पाणी, भाताची पेज, तांदळाची खीर. वरणाच्या पाण्यात डाळीचा रंग असतो, डाळ नसते. बाळाचे पोट मुठीएवढे. ते पाण्याने भरले की रडणे थांबते आणि घराला वाटते, जेवले. शाकाहारी घरात तर हे अधिक घातक, कारण शाकाहारी अन्न आधीच पोट लवकर भरणारे असते. त्याऐवजी हवी चमच्यातून ओघळणार नाही अशी दाट मुगाची खिचडी, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल, नाचणीचे सत्त्व, तिळाची किंवा शेंगदाण्याची बारीक वाटलेली पूड, वर लिंबाचा रस, म्हणजे डाळीतले लोह अंगी लागेल. आणि रोज दही. चहा थेंबभरही नको, तो लोह शोषू देत नाही.

दुधाबद्दलचा गैरसमजही इथेच मोडायला हवा. ‘दूध पितोय ना, मग जेवला नाही तरी चालेल’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. दुधात बी-१२ असते, लोह जवळजवळ नसते. वर्षाच्या आत गाईचे दूध हे मुख्य पेय असू नये, आणि पुढेही बाटल्यांवर बाटल्या दूध पिऊन बिस्किटांवर वाढणारे मूल गोरेगोमटे दिसते पण पांढरे पडलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयी आढळली. या राज्यात बहुसंख्य लोक मांस-मासे खातात. तेव्हा ‘आम्ही सगळे खातो’ म्हणणाऱ्यांनी शाकाहाऱ्यांना शिकवण्याआधी स्वतःच्या मुलाच्या वाटीत डोकावावे.

दूध, दही, तूपही सोडणारी नवी वीगन कुटुंबे मुंबईत वाढत आहेत. त्यांचा विचार मी हसण्यावारी नेत नाही. पिंजऱ्यात कोंडलेली कोंबडी आणि आईपासून तोडलेले वासरू यांच्याविषयी कळवळा येणे हे माणूसपणाचे लक्षण आहे. पण त्या कळवळ्याची किंमत तान्ह्याने चुकवावी, याला नीती म्हणता येत नाही. बदामाचे वा ओटचे ‘दूध’ हे वर्षाच्या आतल्या बाळाचे अन्न नव्हे. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ साली बाळांना आणि मुलांना वीगन आहार देऊ नये असा सल्ला दिला. अमेरिकेच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी, नीट आखणी केली तर तो बालवयातही चालतो, असे म्हटले. मतभेद आखणी कितपत होईल यावर होता. बी-१२ बाहेरून दिलेच पाहिजे, यावर दोघांत मतभेद नाही. आणि ते थेंब जिवाणूंकडून किण्वनाने तयार होतात. त्यात कोणत्याही प्राण्याची हत्या नाही. मग ते ‘नैसर्गिक नाही’ म्हणून नाकारणाऱ्या वीगन पालकाजवळ दयेचा युक्तिवादसुद्धा उरत नाही.

‘आमच्या आज्या वरणभातावर नव्वद वर्षे जगल्या.’ जगल्या त्या दिसतात. त्यांची जी भावंडे पाळण्यात गेली, त्यांची नावेही घरात उरलेली नाहीत. आज्यांच्या आठ-दहा बाळंतपणांतली किती मुले हाताशी लागली, हे त्याच आज्यांना विचारले असते तर या युक्तिवादाचा निकाल लागला असता.

आता शुद्धतेचा प्रश्न. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली. ज्यांना दूध जास्त येते त्या आया ते देतात; त्यांची रोगांसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, मूठभर वजनाच्या बाळांना पाजतात. आपले मूल काचेच्या पेटीत असताना, ज्या बाईने हे दूध दिले ती काल बोंबील जेवली होती का, असे तिथे कोणत्या बापाने विचारावे? जीव वाचवायचा असतो तेव्हा शुद्धता किती हलकी असते, हे आपल्या सगळ्यांना आतून माहीत आहे. जीव धोक्यात दिसत नाही तेव्हाच आपण ती मिरवतो.

आणि ती दुसऱ्याच्या मुलावर मिरवतो, हे जास्त वाईट. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून २०१६पासून अंगणवाडीच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी आणि न खाणाऱ्यांना केळी मिळू लागली. त्याने कोणाचा धर्म बुडाला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्याला केळे, ठरवले. विरोध सुरू झाला. मग चाळीस टक्के पालकांचा विरोध असेल तर त्या शाळेत अंडे नाही, अशी अट आली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचे पैसेच थांबले आणि हवे तर लोकवर्गणीतून करा असे सांगण्यात आले. ज्याला अंडे नको त्याला ते न खाण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. मिळवले ते शेजारच्या पाटावरच्या मुलालाही न मिळण्याचे समाधान. चाळीस टक्क्यांनी उरलेल्या साठ टक्के मुलांची भूक ठरवावी, हे कोणत्या नीतिशास्त्रात बसते? शिवाय शाकाहारी मुलांवरही यात अन्याय झाला, त्याची चर्चा कोणी केली नाही. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि बी-१२ असते. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिन आणि बी-१२ मुळीच नाही. शाकाहारी मुलासाठी भांडायचेच होते तर केळ्याऐवजी दूध किंवा दही द्या म्हणून भांडायला हवे होते.

शेवटी सरकारी गोळीबद्दल. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ साली दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. गरोदर बाईला आज जी लाल गोळी देतात तिचे एक मूळ असे परळमध्ये आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते, बी-१२ नसते. नुसते फोलेट दिले की बी-१२च्या तुटवड्याने आलेला रक्तक्षय काही अंशी सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी मागे चालू राहते. जिथे बहुसंख्य गरोदर बायकांत बी-१२ कमी आहे, तिथे हे धोरण अर्धवट आहे. त्या गोळीत बी-१२ घालायला हवे आणि मागणी शाकाहारी समाजांनी सर्वांत आधी करायला हवी, कारण गरज त्यांच्या लेकीसुनांना सर्वांत जास्त आहे. तोवर पालिकेच्या दवाखान्यात गरोदर बाईचे नाव नोंदवताना वजन आणि रक्तदाबाबरोबर एक प्रश्न विचारला जावा : काल दिवसभरात दूध, दही, अंडे, मासळी यांपैकी काय पोटात गेले? उत्तर ‘चहा’ असे आले, तर बी-१२ त्याच दिवशी सुरू व्हावे. आणि ते तिला सांगताना सासू आणि नवरा दोघेही समोर बसलेले असावेत.