अभंगातला ख्रिस्त आणि ‘स्मृतिचित्रां’तले सोवळे

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचक दोन तऱ्हांनी वाचत आला आहे. बहुसंख्यांना ती एका लहरी, उदार, घरात पैसा न टिकू देणाऱ्या कवीचा संसार निभावणाऱ्या बाईची हसवणारी आणि डोळे ओलावणारी कहाणी वाटते. धर्मांतर हे त्या कहाणीतले एक वादळ. ते येते, घर मोडते, घर पुन्हा उभे राहते. संख्येने लहान असलेल्या ख्रिस्ती वाचकवर्गाला तेच पुस्तक साक्ष वाटते, म्हणजे देवाने एका कुटुंबाला कसे ओढून आणले याची हकिगत. पहिल्या वाचनातून श्रद्धा गळते. दुसऱ्यातून श्रद्धेपर्यंत पोचतानाची ओढाताण गळते. हे पुस्तक मोठे आहे ते मात्र या दोन्ही गोष्टी त्यात एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत म्हणून. मराठीत ख्रिस्ती श्रद्धेची अभिव्यक्ती कुठे जिवंत झाली आणि कुठे केवळ नेटकी राहिली, हे पाहण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

श्रद्धा मराठीत मांडण्याचा खटाटोप त्याआधी तीन शतके चालू होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत साष्टी भागात राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरच्या मठात छापले गेले. देवनागरी खिळे हाताशी नसल्याने छपाई रोमन लिपीत झाली, पण रचना ओवीची आणि भाषा मराठी. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती श्रोत्यांच्या प्रश्नांना पाद्रीने दिलेल्या उत्तरांच्या रूपाने पुढे सरकतो. आरंभी मराठी भाषेची जी स्तुती येते ती शाळेच्या पुस्तकांतून अनेकांना पाठ आहे.

या स्तुतीचे कौतुक करताना एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. श्रोत्यांना नवे पुराण हवे होते, कारण जुनी पुराणे त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली होती, पोथ्या जप्त झाल्या होत्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्यासाठी गेलेल्यांत स्टीफन्स होता. म्हणजे ज्या लोकांसाठी तो ओव्या रचणार होता त्यांचा संताप त्याने जवळून पाहिला होता. ‘ख्रिस्तपुराण’ सुंदर आहे आणि ते सत्तेच्या छायेत लिहिले गेले आहे. या दोन विधानांतले एक वगळले की दुसरेही खोटे पडते. त्या ओव्यांत भाषा मराठीची आहे, पण प्रश्न विचारणाऱ्याला खरोखर नको असलेले उत्तर मिळण्याची सोय नाही. गुरूला सगळे आधीच ठाऊक आहे. पुराणाचा बाजच तसा असतो.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहून हिंदू विधवांची दुःखे मांडली. त्यांचे ‘अरुणोदय’ मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक. त्यात माणूस स्वतःविषयी बोलू लागला हे मोठे पाऊल होते. तरीही ‘अरुणोदय’ वाचताना खटला वाचल्यासारखे वाटत राहते. जुना धर्म का सोडला याची कारणे क्रमाने येतात, आक्षेपांना उत्तरे मिळतात, निकाल आधीच लागलेला असतो. पुस्तकाच्या नावातच अंधाराकडून उजेडाकडे असा सरळ रस्ता आखलेला आहे.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांचा रस्ता इतका सरळ नव्हता. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग अहमदनगर, मिशनच्या विद्यार्थ्यांना शिकवणे, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन, आणि या सगळ्यातून अखंड वाहणारी कविता.

त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायली जाणारी बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि चालीही परक्या होत्या. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच घातली होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद यांत ख्रिस्त आणला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेतला हा कवी ख्रिस्तालाही माउली म्हणू लागला. आजही प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत त्यांची पदे पेटी-तबल्यावर गायली जातात आणि गाणाऱ्याला आपण दुसऱ्या कुणाच्या देवापुढे उभे आहोत असे वाटत नाही. हे काम एका माणसाने एका हयातीत केले, ही मराठी धार्मिक इतिहासातली असाधारण घटना आहे.

पण अभंग हे नुसते वृत्त नाही. अभंगात बोलणारा ‘मी’ देवाला जाब विचारतो, रुसतो, त्याच्याशी भांडतो, त्याला कठोर म्हणतो. तुकोबांच्या अभंगात शरणागती आहे तशी शिवीगाळही आहे. टिळकांच्या ‘अभंगांजली’त ओढ आहे, लीनता आहे, आईच्या कुशीत शिरल्याचे सुख आहे. भांडण मात्र क्वचित. त्यामुळे त्यांचे पुष्कळ अभंग उपासनेच्या बाहेर आले की गोड आणि थोडे सारखे वाटू लागतात. मराठी कवितेच्या रसिकांनी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून जपले आणि भक्तिकाव्य चर्चवर सोपवून दिले. याला वाचकाचा पूर्वग्रह कारण आहेच, पण कवितेचाही त्यात वाटा आहे.

टिळकांच्या आयुष्यात भांडण भरपूर होते. ते झाले देवाऐवजी देवाच्या संस्थेशी. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वृत्ती धरली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. परदेशी धर्मसंस्थेची चौकट ओलांडणारा हा विचार त्या काळात धाडसाचा होता. पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. या धाडसामागची तगमग त्यांनी गद्यात उतरवली असती तर मराठीला काय मिळाले असते, याची चुटपुट लागते. स्वतःचे चरित्र लिहिण्यात त्यांना रस नव्हता.

ते काम झाले ते लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या त्यांच्या पत्नीकडून. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून आईने आठवणी सांगाव्यात, लिहून द्याव्यात, असे ठरले. त्या आठवणींचे ‘स्मृतिचित्रे’ झाले आणि १९३४ पासून ते भागाभागांनी पुस्तकरूपात आले. नवऱ्याची सामग्री पुरवायला बसलेली बाई लिहिता लिहिता स्वतःच पुस्तकाचा आस झाली.

लक्ष्मीबाईंची गोष्ट सोवळ्यापासून सुरू होते. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की विटाळाच्या भयाने त्यांना ग्रासले. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्यापर्यंत त्या सोसाची मजल गेली. घरातल्या बायकामुलांनी तो मुकाट्याने सोसला. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, आणि वाचणाऱ्यालाही हसू येते. पण पुढच्या साऱ्या पुस्तकाचा पाया इथे घातला जातो. धर्म या घरात मताच्या रूपाने राहत नव्हता. तो पाण्यात, भांड्यात, धुतलेल्या लुगड्यात राहत होता.

म्हणून नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी येते तेव्हा लक्ष्मीबाईंना धर्मतत्त्वाचा धक्का बसत नाही. त्यांचे सगळे जगणे अस्पर्श्य ठरते. मुलाला घेऊन माहेरच्या, सासरच्या माणसांत काढलेली ती वर्षे, नवऱ्याची पत्रे, त्याचा राग, त्याच्याविषयीची माया, लोकांची बोलणी, हे सर्व त्यांनी कोणालाही खलनायक न करता लिहिले. काही वर्षांनी त्या टिळकांजवळ परतल्या तेव्हाही त्यांनी धर्म बदललेला नव्हता. स्वयंपाक आणि पाणी वेगळेच राहिले. एका कुटुंबात दोन चुली, आणि मधे वाढणारा मुलगा.

यानंतर जे घडते ते मराठी गद्यातल्या अंतःकरणपरिवर्तनाच्या वर्णनांत सर्वांत विश्वासार्ह आहे, कारण त्यात दिव्य दर्शन नाही. लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उठतो तो जातीचा: हे भेद देवाने केले की माणसाने? जन्म आणि मरण सगळ्यांना एकाच रीतीने येत असेल तर त्यांच्या हातचे पाणी निराळे कसे? विचार करता करता उत्तर मनात पक्के होते आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागतात. ख्रिस्ताची भाषा, क्षमा, तारण या गोष्टी नंतर येतात. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. आधी सोवळे गेले. ज्या घरातून त्या आल्या होत्या ते घर आठवले की या क्रमाचा अर्थ लागतो. पदमनजींच्या हिशेबात युक्तिवाद आधी होता. लक्ष्मीबाईंच्या हिशेबात पाण्याचा पेला आधी आहे.

एक वस्तुस्थिती इथे सहज नजरेतून निसटते. लक्ष्मीबाई कवयित्रीही होत्या. टिळकांनी सुरू करून अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुढे नेले. टिळकांचे दहाएक अध्याय झाले होते, लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक लिहिले. श्रद्धेचे ‘मोठे’ काम म्हणून त्यांनी जे केले ते हे महाकाव्य, आणि घरगुती म्हणून जे लिहिले ते ‘स्मृतिचित्रे’. काळाने निवड उलटी केली. महाकाव्यात त्यांच्यापुढे आधीच ठरलेली पवित्र कथा होती आणि त्यांना ती नीट सांगायची होती. आठवणींत पुढे काय येईल हे ठरलेले नव्हते. रागावलेला नवरा, भुकेलेला पाहुणा, घरात राहिलेला बालकवी ठोंबरे, साथीची भीती, उधारी, या सर्वांना एकाच पानावर जागा होती. तिथे देवालाही इतरांसारखेच घरात राहावे लागले.

शंका आणि श्रद्धा एका वाक्यात नांदवणारी दुसरी लेखणी पंडिता रमाबाईंची. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी केलेला पत्रव्यवहार म्हणजे श्रद्धेच्या अधिकारावर केलेला अखंड वाद आहे. मला कोणते तत्त्व पटते हे मी ठरवीन, हा त्याचा सूर. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझ्या लोकांना कळेल अशी संस्कृत अक्षरे का नकोत, असाही प्रश्न त्यांनी केला. ही पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, पण ती इंग्रजीत आहेत. मराठीत रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल आणण्यात घातली. म्हणजे त्यांची मान्यता मराठीत आली आणि हरकती इंग्रजीत राहिल्या. मराठी ख्रिस्ती लेखनाचे याने झालेले नुकसान अजून पुरते मोजलेले नाही.

वसईच्या कॅथलिक समाजाचा इतिहास वेगळा. पोर्तुगीज अमलात घडलेला, मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावरही टिकलेला, घरात सामवेदीसारख्या बोली बोलणारा हा समाज. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली आणि लेखनालाही बळ मिळाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करताना, ‘ओअॅसिसच्या शोधात’ लिहिताना आणि हरित वसईच्या चळवळीत उतरताना श्रद्धेला जमिनीशी जोडले. विहिरी, वाड्या, पाणी आणि गुंडगिरी हे त्यांच्या गद्यात प्रार्थनेच्या शेजारी येतात. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला. विरोधकांनी त्यांची पुस्तके वाचली असती तर तिथे प्रचारकापेक्षा पाण्यासाठी भांडणारा वसईकर भेटला असता.

या सगळ्या नामावळीत एक मोठी पोकळी आहे. नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली. टिळक आणि रमाबाई ब्राह्मण घरांतून आले आणि त्यांचे धर्मांतर वर्तमानपत्रांची बातमी झाले. गावकुसाबाहेरच्या माणसाने ख्रिस्ताकडे जाताना काय गमावले, काय मिळवले, चर्चच्या बाकावर जात सुटली की तिथेही सोबत आली, याचे गद्य ‘स्मृतिचित्रां’च्या तोडीचे अजून हाती लागलेले नाही. लक्ष्मीबाईंच्या पानांत ही माणसे शेजारी, विद्यार्थी, मदतनीस म्हणून वावरतात, आणि त्यांच्याकडे त्या मायेने पाहतातही. पण पाणी वेगळे ठेवणारी बाई आणि ज्यांच्यापासून पाणी वेगळे ठेवले गेले ती माणसे यांचे अनुभव एका लेखणीत मावत नाहीत. त्या माणसांचा अनुभव भजनांत, कीर्तनाच्या वह्यांत, लग्नातल्या गाण्यांत विखुरला आहे. स्वातंत्र्योत्तर दलित आत्मकथनांनी मराठी गद्य मुळापासून हलवले, पण ख्रिस्ती कुटुंबांतला हा धागा त्या चर्चेत फारसा आला नाही. धर्म बदलला म्हणून ही माणसे दलित साहित्याच्या कक्षेतून सुटली, आणि जात चिकटलेली म्हणून ख्रिस्ती साहित्याच्या गौरवग्रंथांतही त्यांना पुरती जागा मिळाली नाही. दोन्हीकडच्या अभ्यासकांनी आपापल्या याद्या घेऊन एकत्र बसण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे, आणि त्यासाठी पहिला शोध छापील पुस्तकांत घेण्यापेक्षा गावोगावच्या मंडळ्यांच्या कपाटांत घ्यावा लागेल.