जाळीची खिडकी आणि व्हॉइस चॅट

सप्टेंबर 2007 मध्ये ‘हेलो 3’ हा गेम बाजारात आला आणि अमेरिकेतल्या अनेक चर्चच्या सभागृहांत मोठे पडदे लागले. परग्रहवासी शत्रूंना गोळ्या घालण्याचा हा खेळ 17 वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असं त्याच्या वेष्टनावरच लिहिलेलं होतं. तरी पाळकांनीच मुलांना खेळायला बोलावलं, कारण एरवी चर्चकडे न फिरकणारी पोरं त्यासाठी झुंडीनं येत. ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी छापली आणि वाद पेटला. खून करू नये ही आज्ञा शिकवणाऱ्यांनीच मुलांच्या हाती बंदूक द्यावी का, असा एका बाजूचा सवाल. मुलं आधी दारात तर येऊ देत, उपदेश नंतर करता येईल, असं दुसऱ्या बाजूचं उत्तर.

सगळा रोख पडद्यावर काय दिसतं यावर होता. खोलीत कोण आहे, हा प्रश्न तेव्हा तितका टोचत नव्हता. मुलं एकाच सभागृहात बसलेली असत आणि दोन-चार मोठी माणसं आसपास वावरत.

आता ते सभागृहच उरलेलं नाही. मुलगा आपल्या घरात, कानाला हेडसेट लावून बसलेला आणि युवक संघातला दादा त्याच्या घरी. मध्ये रोब्लॉक्स, माइनक्राफ्ट किंवा फोर्टनाइट. गेम खेळणं हे पाप आहे का, यावर ख्रिस्ती जगात आता फारसं रण माजत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये पोप लिओ यांनी ज्याला संत घोषित केलं, तो 15 व्या वर्षी वारलेला कार्लो अकुटिस प्लेस्टेशनवर खेळायचा. फक्त आठवड्याला एक तास, असा नियम त्यानं स्वतःला घालून घेतला होता. वेळेची शिस्त अशी लावता येते. एकांताचं काय करायचं, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

आभासी जगात चर्च उभारण्याचा मोठा प्रयोग मे 2004 मध्ये ब्रिटनमध्ये झाला. मेथडिस्ट चर्चच्या पाठबळावर ‘चर्च ऑफ फूल्स’ हे त्रिमितीय ऑनलाइन चर्च सुरू झालं आणि लंडनचे तेव्हाचे बिशप रिचर्ड चार्टर्स यांनी तिथं पहिलं प्रवचन केलं. लोक आपापल्या बाहुल्यांना गुडघे टेकायला लावून प्रार्थना करत. त्याच चर्चमध्ये टवाळखोरही शिरले आणि व्यासपीठावर चढून शिव्या देऊ लागले. शेवटी अशांना तडक बाहेर काढण्याचं बटण व्यवस्थापकांच्या हाती द्यावं लागलं. पुढं 2019 मध्ये रोममध्ये काम करणारे जेझुइट धर्मगुरू रॉबर्ट बालेसर यांनी माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला. शिवीगाळ नसलेली जागा मुलांना मिळावी, हा त्यांचा हेतू. सुरू होताच त्या सर्व्हरवर सायबरहल्ले झाले.

हे सगळे बाहेरून आलेले उपद्रव. बाहेरच्याला ओळखता येतं, हाकलता येतं. आतल्या माणसाचं तसं नसतं.

मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याची पद्धत ठरलेली असते. आधी गेममधली एखादी भेटवस्तू, मग खासगी मेसेज, मग दुसऱ्या ॲपवर ये असा आग्रह आणि शेवटी ‘घरी सांगू नकोस’. यातला शेवटचा टप्पा सोडला तर बाकीचं एखाद्या तळमळीच्या ताई-दादाच्या वागण्यासारखंच दिसतं. तेही मुलाची विचारपूस करतात, रात्री उशिरापर्यंत त्याचं ऐकून घेतात, त्याला छोटीशी भेट देतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही आणि मुलाला तर नाहीच, कारण समोरचा माणूस देवाच्या नावानं बोलत असतो. बोस्टनमधल्या धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं उघडकीस आल्यावर अमेरिकन कॅथलिक बिशपांनी 2002 मध्ये बालसंरक्षणाची सनद केली. माणसाच्या चांगुलपणावर विसंबून चालत नाही, हे मान्य करायला चर्चला फार मोठी किंमत मोजावी लागली होती.

खरं तर याचं एक उत्तर चर्चच्याच इतिहासात आहे. 16 व्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी पापनिवेदनासाठी लाकडी कक्षाचा आग्रह धरला. 1577 च्या त्यांच्या बांधकामविषयक निर्देशांत त्याची रचना बारकाईनं दिलेली आहे. धर्मगुरू आणि समोरची व्यक्ती यांच्यामध्ये जाळी आणि कक्ष चर्चच्या उघड्या भागात, चारचौघांच्या नजरेसमोर. बोलणं कुणाला ऐकू जात नसे, पण कोण कुणाशी बोलतंय हे सगळ्यांना दिसे. धर्मगुरूवर संशय आहे म्हणून ती जाळी बसवली, असं कुणी भाविक मानत नाही.

गेममध्ये हीच रचना करता येते. माइनक्राफ्टच्या रेल्म्स या खासगी सर्व्हरमध्ये मालकासोबत एका वेळी 10 जणच खेळू शकतात आणि तेही निमंत्रण असेल तरच. तिथं एकमेकांच्या नात्यात नसलेले दोन प्रौढ कायम हजर असावेत. दादाचा एकट्या मुलाला खासगी मेसेज नाही, रोबक्सची, म्हणजे रोब्लॉक्समधल्या चलनाची, भेट नाही, वेळ ठरलेली आणि पालकांना हवं तेव्हा आत येण्याची मुभा. मुलांचं प्रत्येक वाक्य तपासत बसायची गरज नाही. एकांत तेवढा नसावा. नोव्हेंबर 2025 मध्ये रोब्लॉक्सनं चॅटसाठी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेण्याचं आणि वयोगटानुसार बोलणं मर्यादित करण्याचं जाहीर केलं. आता पंचविशीतल्या दादाला बारा वर्षांच्या मुलाशी सहज बोलता येणार नाही. ही अडचण टाळायला मुलाला डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर बोलावणं म्हणजे जाळी काढून टाकणं. डिस्कॉर्डचं स्वतःचं किमान वयही 13 आहे.

वसईतल्या किंवा अहिल्यानगरातल्या युवक संघानं बीजीएमआय या मोबाइल गेमची स्पर्धा ठेवली, तर तिथं भारतीय कायदाही लागू होतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. चर्चची अंतर्गत चौकशी त्याची जागा घेऊ शकत नाही. इथंच दादाची खरी कोंडी होते. खेळता खेळता मुलगा मध्येच थांबतो आणि म्हणतो, ‘दादा, एक सांगू? कुणाला सांगणार नाहीस ना?’ पापनिवेदनातलं गुपित धर्मगुरूला फोडता येत नाही. पण गेम म्हणजे पापनिवेदन नव्हे. ‘इंटरनेटवर संस्कार नसतात’, म्हणजे पापनिवेदनासारखे चर्चचे विधी तिथं होत नाहीत, हे व्हॅटिकननं 2002 मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून पहिल्याच दिवशी, खेळ सुरू होण्याआधी, दादानं मुलांना सांगून ठेवावं लागतं की त्याला सगळं सांगता येईल, मात्र कुणाला इजा होत असेल तर तो गप्प बसणार नाही. आणि त्याच्याचबद्दल तक्रार असेल तर चाइल्डलाइनचा नंबर 1098 आहे.