चिलिकाचं मुख

शांत बसा. श्वास आपल्या गतीनं चालू द्या. ओडिशाचा किनारा मनात आणा. एका हाताला बंगालचा उपसागर गर्जतोय, दुसऱ्या हाताला चिलिका, उथळ, क्षितिजापर्यंत पसरलेली. मध्ये नुसती वाळू.

त्या वाळूपाशी थांबू. नैर्ऋत्येचा वारा लाटांना किनाऱ्यावर तिरपं आणतो. लाट कणाला तिरकस वर नेते, ओसरताना तो उतारानं सरळ खाली येतो. एकच कण ध्यानात धरा. वर, खाली, किंचित ईशान्येला. पुन्हा वर, खाली, किंचित ईशान्येला. घाई नको, त्यालाही नव्हती. अशा अगणित कणांचा दांडा आखाताच्या तोंडावर लांबत जातो, आतलं पाणी अडवतो, आणि खाजण सरोवर तयार होतं.

आता आणखी मागे चला. हिमयुगात समुद्र आजच्याहून सुमारे 120 मीटर खाली होता. बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. त्यानंतरच असे दांडे जागेवर टिकू लागले. (कोकणात तेच पाणी नद्यांच्या दऱ्यांत शिरलं, आपल्या वाट्याला खाड्या आल्या.)

पाण्याकडे वळा. महानदीच्या दया, भार्गवी या शाखा गोडं पाणी आणि गाळ आणतात. दांड्यातल्या मुखातून भरती समुद्राचं खारं पाणी आणते. दोन्ही मिळून होतं मचूळ पाणी, कधी गोडसर, कधी खारट. उन्हाळ्यात सुमारे 900 चौरस किलोमीटर असलेली चिलिका पावसाळ्यात 1,100 च्या वर पसरते. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिल्लं मुखातून आत येतात, इथे वाढतात. इरावडी डॉल्फिनही याच पाण्यात वावरतात.

आता फक्त मुखाकडे लक्ष द्या. तीच वाळू, तोच कण, मुखाला उत्तरेकडे ढकलत राहिला. नद्यांचा गाळ आतून साचला. वाट लांबली, अरुंद झाली. खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. सप्टेंबर 2000 मध्ये सातपाड्याजवळ दांडा कापून नवं मुख उघडलं. खारं पाणी परतलं, मासळी वाढली. निसर्गाला हातच लावू नये, असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थबकावं.

1993 पासून पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराच्या धोक्याच्या यादीत असलेली चिलिका 2002 मध्ये त्या यादीतून बाहेर पडली.