लेकराची शंका आणि आपले उत्तर

शास्त्रश्रवणास बसले असता आपण शंका घेतो. तीस पूर्वपक्ष म्हणतो आणि अधिकारी पुरुष तिचे निरसन करीपर्यंत आदराने थांबतो. तीच शंका घरातील सात वर्षांच्या लेकराने घेतली, म्हणजे तिला किरकिर हे नाव मिळते. महदाइसेने सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींना किती प्रश्न विचारले, याची गणती लीळाचरित्राच्या वाचकांनीच करावी. तिच्या या विचारीत राहण्याचे स्वामींनी कौतुकच केले. ही जिज्ञासा करणारी, चर्चा करणारी आहे, असे म्हटले. आपण त्या लीळेचे पारायण करतो, आणि उठल्यावर पोरीला म्हणतो, ‘गप्प बैस.’

हे मी दुसऱ्यांस उद्देशून लिहीत नाही. माझ्या घरी जे घडले तेच सांगावयाचे आहे, आणि त्यातून जो प्रश्न निघाला तो अभ्यासकांपुढे ठेवावयाचा आहे. दुःख शमविण्यासाठी लेकराशी असत्य बोलावे काय, हा तो प्रश्न.

२०१४ च्या श्रावणात माझ्या मातोश्री गेल्या. त्या उपदेशी होत्या. पहाटे उठून स्मरणास बसत, आणि माझी धाकटी मुलगी अर्धवट झोपेत त्यांच्या मांडीवर डोके ठेवून पडलेली असे. चौथ्या दिवशी तिने मला विचारले, “आजी कुठे गेली?” मी म्हणालो, “परमेश्वराला चांगली माणसे फार आवडतात. आजी रोज स्मरण करीत होती ना? म्हणून त्यांनी तिला आपल्याकडे बोलावून घेतले.” ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली व म्हणाली, “तुम्हाला कोणी सांगितले?”

मी व्यवसायाने शिक्षक. ‘कोण कोणास म्हणाले?’ हा प्रश्न मराठीच्या पेपरात घालून मी कित्येक वर्षे मुलांचे गुण कापले. त्या दिवशी माझ्याच मुलीने मला तो घातला, तेव्हा मी रागावून “जा, झोप” असे म्हणालो.

पुढे तीनएक आठवड्यांनी घरातील सूत्रपाठाची पोथी सापडेना. माझी पत्नी ती रोज सायंकाळी वाचीत असे. सारे घर धुंडाळले. अखेर ज्वारी काढावयास कोठी उघडली, तेव्हा रुमालात बांधलेली पोथी दाण्यांत खोल पुरलेली आढळली. हे कोणी केले हे विचारण्याची गरज नव्हती. मुलगी भिंतीशी उभी राहून थरथरत होती. तिच्या आईने जवळ घेऊन विचारले तेव्हा ती म्हणाली, “तू रोज वाचतेस. मग देव तुलाही बोलावून घेईल.” गेल्या काही दिवसांपासून ती सायंकाळच्या वंदनाला येईनाशी झाली होती, त्याचेही कारण तेव्हा कळले. चांगले वागण्याची तिला भीती वाटू लागली होती.

वाचकहो, मी तिला नास्तिक होण्यास शिकविले नव्हते. उलट, मी तिला भक्तीचे फळ सांगितले होते! आणि त्या एका वाक्याने परमेश्वर तिच्या लेखी आया पळविणारा झाला. कृपाळू, जीवोद्धाराचे व्यसन असलेला, असे ज्याचे वर्णन आपण रात्रंदिवस ऐकतो, तोच.

आता या वाक्याची शास्त्राच्या अंगाने तपासणी करू. मोक्ष देणारा एक परमेश्वरच, देवतांकडून तो लाभत नाही, हा आपला सिद्धान्त. परंतु अमुक जीवाची योग्यता कोठवर आली, त्यास काय प्राप्त झाले, हा निर्णय परमेश्वराच्या अधीन आहे. तो करण्याचा अधिकार तुम्हां-आम्हांस कोणी दिला? हत्तीच्या दृष्टांतातील माणसे आंधळी होती, हा त्यांचा अपराध नव्हे. हात जेथे लागला तेवढ्यावरून ‘हत्ती असा’ म्हणून त्यांनी सांगितले, हा अपराध. मी तर हात न लावताच सांगून मोकळा झालो.

कोणी म्हणेल, लेकराच्या मनाला दुखविणे हीही हिंसाच. तेव्हा अहिंसेसाठी थोडे असत्य पत्करले तर काय बिघडले? हा पूर्वपक्ष दुर्बळ नाही. मी स्वतः त्याच्या आधाराने बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. परंतु नीट पाहता असे दिसले की, त्या वेळी दुःख आवरेनासे झाले होते ते माझे. ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द बापाच्या तोंडून निघणे मला लाजिरवाणे वाटले, म्हणून मी उत्तर रचले. मुलीने तर फक्त विचारले होते. तिने रडून काही मागितले नव्हते. सांत्वन मी माझेच केले, आणि त्याचा भार तिच्यावर टाकला. सर्वच सांगावे असेही मला म्हणावयाचे नाही. मातोश्रींच्या शेवटच्या दुखण्यातील यातना आम्ही मुलीस सांगितल्या नाहीत, आजही त्याचा पश्चात्ताप नाही. न सांगणे वेगळे आणि नसलेले सांगणे वेगळे.

त्या महिन्यात एक वृद्ध तपस्विनी आमच्या गावी भिक्षेसाठी आल्या होत्या. त्यांना मी सर्व निवेदन केले व मुलीची समजूत घालण्याची विनंती केली. माझी अपेक्षा होती की, त्या काही ब्रह्मविद्येतील निरूपण करतील. त्यांनी मुलीला जवळ बसविले. तिने तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, “मला ठाऊक नाही गं बाळ. मी तर तुझ्या आजीला एकदाच भेटले. ती कशी होती ते तूच मला सांग.” मग ती पोर अर्धा तास बोलत होती. आजीच्या लुगड्याचा वास, पहाटेचा अंधार, स्मरण करताना हलणारे ओठ. त्यानंतर ती रडली. मातोश्री गेल्यापासून प्रथमच.

निघताना त्या मला एवढेच म्हणाल्या की, भटोबासांनाही ‘नेणें’ म्हणावयास लाज वाटली नाही. स्मृतिस्थळातील तो प्रसंग सर्वांस विदित आहे. केशवदेवांनी संस्कृतातून प्रश्न केला, तेव्हा आद्याचार्यांनी तुमचे हे संस्कृत मला कळत नाही, स्वामींनी मला मराठीतूनच सांगितले आहे, असे सरळ उत्तर दिले. आपण त्या प्रसंगातून मराठीचा अभिमान घेतो, तो योग्यच आहे. परंतु विद्वान शिष्यापुढे आचार्यपदी बसून ‘नेणें’ म्हणण्यास जे मन लागते, त्याकडे माझे तरी लक्ष तोवर गेले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला पुढे सुचली. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आणि भटोबासांकडून पडताळून घेऊन. पुढे परंपरेनेही जेथे आठवणींत भेद आढळला तेथे एक पाठ पुसून दुसरा ठेवला नाही. ज्याचा त्याचा पाठ नावानिशी जपला. म्हणजे ‘तुम्हाला कोणी सांगितले?’ या प्रश्नावरच आपला आद्य ग्रंथ उभा आहे. माझ्या मुलीने हे काही वाचले नव्हते. पण तिचा प्रश्न म्हाइंभटांच्या कुळातला होता, आणि त्यास मी ‘जा, झोप’ म्हणालो होतो.

घरात सुधारणा झाली ती माझ्यामुळे नव्हे, पत्नीमुळे. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलीने काही विचारले की ती उत्तराआधी सांगे: हे पोथीत आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले, हे नुसते मला वाटते. ‘देह पडला तरी जीव नाहीसा होत नाही, हे शास्त्रात आहे. आजी शेवटी स्मरण करीत होती, हे मी पाहिले. तिला परमेश्वराने सांभाळले असेल, असे मला वाटते.’ मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा या तिसऱ्या वाक्याने लेकराचा विश्वास डळमळेल, अशी मला धास्ती वाटली. तसे झाले नाही. काही दिवसांनी ती पुन्हा वंदनास येऊ लागली. प्रथम दारातूनच, मग आईच्या पदराआड बसून.

माझ्याकडून मात्र एक गोष्ट राहिली होती. खोटे बोललो हे मुलीस सांगावयाचे. ते मी जवळजवळ दोन वर्षांनी सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “मला माहीत होते.” कधीपासून, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ती आता महाविद्यालयात शिकते. सूत्रपाठ वाचते, आणि मला आजही अडविते. मागच्या चैत्रात तिने विचारले की, जे मूल अजून भले-बुरे जाणत नाही त्याच्या वाट्यास आलेले दुःख हे पूर्वकर्माचे फळ आहे, असे त्या मुलास सांगावे काय? आणि सांगावे तर कोणत्या वयात, कोणत्या शब्दांत? मी तिला ‘मला ठाऊक नाही’ असे सांगितले, आणि विचारून कळवितो म्हणालो. म्हणून हे लिहिले. अधिकारी महात्म्यांनी व तपस्विनींनी, तसेच ज्यांनी लेकरे वाढविली आहेत अशा वासनिक मायबापांनी, या विषयी आपापले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य लिहून पाठवावेत.

दंडवत प्रणाम.