इसारपावतीचा व्यापार

सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प यांची चर्चा वाढली, तशी गडचिरोली जिल्ह्यात जमिनीकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. अहेरीत जुमुआच्या नमाजनंतर एका तरुण बंधूने विचारले, "मी इसार देऊन साठेखत केले आहे. खरेदीखताला सहा महिने अवकाश आहे. त्याआधीच ते दुसऱ्या गुंतवणूकदाराला नफ्याने दिले, तर ती कमाई हलाल ठरेल का?"

त्याच्या हाती नेमके काय आहे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार केवळ विक्रीच्या करारामुळे मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. शरीअतच्या दृष्टीनेही हे विक्रीचे वचन आहे, विक्री नव्हे. जमीन अजून शेतकऱ्याचीच आहे.

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) असाच प्रश्न विचारला होता. गिऱ्हाईक माझ्याजवळ नसलेली वस्तू मागते. तिचा सौदा करून ती नंतर बाजारातून आणून देऊ का? प्रेषितांनी (स.) जवळ नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली. पुढे मरवानच्या काळात मदीनेत धान्य ताब्यात येण्यापूर्वीच धान्याच्या चिठ्ठ्या विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी त्याला जाब विचारला आणि तो व्यवहार थांबला. इमाम अबू हनीफा (रह.) जमीन ताब्यात येण्यापूर्वी विकण्यास मुभा देतात हे खरे, परंतु ती मुभा मालकी मिळालेल्यास आहे, एवढे मात्र आपले दलाल बंधू सांगत नाहीत!

ज्या वस्तूच्या नुकसानीची जबाबदारी आपण घेतली नाही, तिचा नफाही प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरविला. एकच पावती चार हातांतून फिरते, प्रत्येकजण आपला नफा चढवतो आणि शेवटचा माघार घेतो. पहिले तिघे आपला नफा घेऊन मोकळे होतात. मुलीच्या लग्नासाठी जमीन काढलेल्या शेतकऱ्याला मात्र पैसाही मिळत नाही आणि दुसरे गिऱ्हाईकही शोधता येत नाही.

जमीन आदिवासी बांधवाची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला घेताच येत नाही. तेथे पावती फिरविणे म्हणजे दुर्बळाच्या हक्कावर हात टाकणे होय.

मग मार्ग कोणता? खरेदीखत करून, मालक होऊन विकावे. ते शक्य नसेल तर शेतकऱ्याच्या संमतीने करार रद्द करून इसार परत घ्यावा आणि नव्या ग्राहकाला त्याच्यासमोर बसवावे. भाव दोघांनाही सांगून, आधी ठरलेली दलाली उघडपणे घ्यावी. ती श्रमाची कमाई आहे.

"इसार दिला तेवढाच परत घ्यायचा?" त्याने विचारले.

होय, तेवढाच. दुसऱ्या गुंतवणूकदाराकडून घेतलेली रक्कम त्याने अद्याप खर्च केली नव्हती.