गोळी आणि विश्वास

"विश्वास असता तर गोळी कशाला?" चिंताशामक औषध घेणाऱ्या मंडळीतील एका वृद्ध भगिनीस आम्ही एकदा असे बोललो. तिने त्याच रात्री गोळी सोडली. अमेरिकेत १९६३ साली निघालेले डायझेपाम बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद केले तर झोप उडते, हात कापतात, प्रसंगी झटकेही येतात. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू कमी करावयाची असते. उपदेश आमचा, जागरण तिच्या सुनेचे! रात्री उठताना तोल जातो म्हणून हात देणे, गोळ्या मोजून ठेवणे, ही शुश्रूषा तीच करी. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस सुचविला, तेव्हा त्याच्या विश्वासाचा हिशेब मागितला नव्हता. आता आम्ही दर शनिवारी भेटावयास जातो. ती भगिनी अजून आमच्यादेखत गोळी घेत नाही.